यात्रेत हरवजो

माइक हातात आला की माणूस आधी काय करतो? फुंकर मारतो. फू, फू, हॅलो, हॅलो, मग दोन टिचक्या, मग पुन्हा फू. पुढारी असो, कीर्तनकार असो, नाटकातला राजा असो, सगळे तसलेच. मी वडशाचा. लाउडस्पीकर भाड्यानं देणं हा माझा धंदा. हिवाळाभर झाडीपट्टीची नाटकं, शंकरपटाच्या बैलशर्यती, लग्नं, आणि महाशिवरात्र आली की भोंगे ट्रकवर लादून नदीकाठची मार्कंड्याची यात्रा. माझ्या माइकांवर लोकांनी एवढा थुंका उडवला आहे की नुसतं आठवलं तरी आजही डोकं फिरतं. मी खेकसायचो, "अरे भैताडा, माइक आहे तो, चूल नाई!" पण ऐकतो कोण?

फुंकर न मारता माझ्या माइकात बोललेलं माणूस आयुष्यात एकच भेटलं. रामटेकेबाई.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. नवी कार्यालयं, नव्या पाट्या, नवे साहेब. त्यातच बायकांसाठी एक आधारगृह उघडलं होतं. घरातून हाकललेली, मार खाणारी, कुणी फसवून नेलेली बाई असो की पोरगी, तिनं तिथं यावं, राहावं, पोलिसात जायचं तर सोबत कुणी असावं, असा त्यामागचा हेतू. रामटेकेबाई तिथल्या अधीक्षिका. उंच, सावळ्या, पांढरं सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि काखेत छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती होती माणसं बाजूला सारायला. गर्दीत शिरल्या की छत्रीचं टोक पुढं आणि बाई मागं, आणि वाट आपोआप व्हायची.

दुसऱ्या खांद्यावर कापडी पिशवी, त्यात राजगिऱ्याचे लाडू. बाई बौद्ध, त्यांना महाशिवरात्रीचं काही नाही. मी एकदा विचारलं, "बाई, तुमचा तं उपास नसते, मंग राजगिरा काऊन?"

"माह्या नाई गा भोंगेवाले भाऊ, पण येनाऱ्या बाईचा असते ना! ते उपाशी बाई काय खाईन?"

कुठलीही बाई समोर येऊन रडायला लागली की बाईंचं एकच वाक्य ठरलेलं: "आधी खा, मंग रडजो." आणि खरंच लाडू हातात द्यायच्या. रडणारी बाई चक्रावून जायची, खायची, आणि खाऊन झाल्यावर निम्म्या वेळा रडायचं सोडून बोलायला लागायची.

पण हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या वर्षी बाई यात्रेत आल्या त्या तावातावानं. माझ्या भोंग्यांच्या मंडपात येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, माह्या आधारगृहात खाटा आहेत, भांडे आहेत, सैपाकीन आहे. बायकाच नाईत! साहेब लोक म्हणून राह्यले, या जिल्ह्यातल्या बायका सुखी आहेत, बंद करून टाका. सुखी म्हने! मी गावोगाव फिरली. बाई आपल्या गावातून एस.टी.त बसली तर सांजच्याले साऱ्या गावाले मालूम. गडचिरोलीत उतरून आधारगृह कुठी म्हणून इचारलं तर चार मानसं मांगं लागतात. घर बांधलं सरकारनं, पण त्या घरी यायचा रस्ता कोन बांधन?"

मी म्हटलं, "बोला मग भोंग्यावर."

बाईंनी माइक घेतला. फुंकर नाही, टिचकी नाही, हॅलो नाही. सरळ बोलायलाच लागल्या. मी तर तिथंच गार! आवाज काय खणखणीत! पण भाषण पार आपटलं हो. "मार सहन करू नका" एवढं भोंग्यातून गेलं की रस्त्यावरच्या बायकांनी पदर तोंडाशी धरला आणि नवऱ्यांनी पावलं उचलली. जिलेबीच्या दुकानापुढची गर्दी झटक्यात निम्मी झाली. दुकानदार माझ्याशी भांडायला आला. एक म्हातारी तेवढी आत आली, आणि तिनं विचारलं, "इथी बांगड्या मिळतेत का वो?"

बाई मटकन बाकावर बसल्या. पिशवीतून एक लाडू काढून स्वतःच खाल्ला.

त्याच मंडपात, माझ्या मशीनच्या शेजारीच, हरवले-सापडलेचा कारभार चालायचा. तो सांभाळायला गुरुजी होते, निवृत्त मास्तर, टोपीवाले, बोलणं एकदम छापील. "सर्व भाविकांना सूचित करण्यात येते की" याच्याशिवाय त्यांचं तोंड उघडत नसे. त्या दिवशी दुपारी कोणीतरी एका तरण्या बाईला मंडपात आणून सोडलं. शांता तिचं नाव. गर्दीत सासरच्यांपासून चुकामूक झाली होती.

गुरुजींनी विचारलं, "पतीचे नाव?"

शांताची मान खाली.

"अहो बाई, नाव सांगितल्याखेरीज पुकारा कसा करणार?"

आता आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेते होय? मेली तरी नाही घेणार. गुरुजींना हे ठाऊक होतं, पण कागदावर रकाना होता ना! मग सुरू झाला खेळ. "देवाचं नाव आहे का?" शांतानं मान हलवली. "राम?" नाही. "किसन?" नाही. बाहेरची माणसं आत डोकावून मदत करायला लागली. "महादेव!" "विठ्ठल!" "मारुती!" एकजण म्हणाला, "गनपती असंल, पोट मोठं आहे का त्याचं?" सगळे हसले आणि ती बिचारी हुंदके द्यायला लागली.

बाई उठल्या. छत्री आडवी धरून सगळ्यांना मंडपाबाहेर ढकललं. लाडू दिला. "आधी खा, मंग रडजो." मग म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव राहू दे. बापाचं तं घेता येते ना? बापाचं नाव सांग, माहेरचं गाव सांग."

ते शांतानं लगेच सांगितलं, एका दमात. बाईंनी गुरुजींच्या हातातला माइक काढून घेतला आणि बोलल्या, "पिंपळटोल्याच्या सखारामजींची लेक शांता इथी मंडपात आहे. तिच्या मानसांनी घेऊन जावं."

आता पाहा काय झालं! बाईंना वाटलं, नवरा ऐकेल आणि येईल. नवरा नाही आला. आली शांताची आई! नदीकडून धावत, ओल्या लुगड्यानं, मागं दोन भाऊ, त्यातल्या एकाच्या हातात अर्धा खाल्लेला साखरकंद. बापाचं नाव भोंग्यावर ऐकलं आणि धावत सुटले. शांताच्या सासरच्यांनी तिला लग्नानंतर माहेरी धाडलंच नव्हतं. आज नाही, उद्या नाही, दिवाळीला नाही, पोळ्याला नाही. एका यात्रेत दोघी, आणि दोघींना पत्ता नाही! आई लेकीच्या गळ्यात पडली आणि जो काय आकांत झाला, मी मशीनचा आवाज वाढवला तरी तो ऐकू येत होता.

नवरा आला तो बऱ्याच वेळानं. दुरूनच ओरडत आला, "कुठी मेली होतीस?" आणि मंडपात पाय टाकला तर समोर सासू, दोन साळे, आणि मधोमध बायको लाडू खात बसलेली. त्याचा आवाज जो उतरला म्हणता! "राम राम सासूबाई," म्हणाला, आणि कोपऱ्यात उकिडवा बसला. थोरला साळा म्हणाला, "जवाई, मी यंदा तिले घेऊन जातो दोन महिने." जावई म्हणाला, "न्या ना."

बाईंनी माझा दंडच धरला. डोळे असे चमकत होते! "भोंगेवाले भाऊ, पाह्यलं का? पाह्यलं का तुमी? मी मोठमोठे शब्द बोलून राह्यली होती. अन् इथी नुसतं बापाचं नाव घेतलं तं मानूस नरम! वर्षातून एक दिवस बाईले घराबाहेर याले मिळते अन् तोच दिवस तिच्या माहेरच्याइलेही मिळते. अन् या मंडपात शिरली तर कोनी इचारत नाई काऊन आली म्हणून. हरवली, आली! सापडला रस्ता!"

त्या दिवशी बाई यात्रेभर नाचत्या तर मला नवल वाटलं नसतं.

पुढचं वर्षभर त्यांनी काय केलं? जिथं माझे भोंगे, तिथं बाई. नाटकाला गेलो तर बायकांच्या बाजूला सतरंजीवर रामटेकेबाई. शंकरपटाला गेलो तर माणसं बैलांवर पैजा लावताहेत आणि बाई विहिरीवर, पाणी भरणाऱ्या बायकांत. भाषण एकदाही नाही. बायकांना एवढंच सांगायच्या, "यात्रेत हरवजो, भिऊ नको. मंडपात येजो अन् बापाचं नाव सांगजो. मी तिथीच बसून राहीन."

आणि पुढच्या महाशिवरात्रीला काय सांगू बाप्पा! सकाळपासून बायका हरवायला लागल्या. एक आली, दोन आल्या, दुपारी मंडपात बसायला जागा नाही! म्हाताऱ्या हरवल्या, तरण्या हरवल्या, एक तर मंडपासमोरच्या दुकानातल्या काकूच होत्या, त्याही हरवल्या. गुरुजींचा घसा बसला. मला म्हणाले, "काय हो, यंदा स्त्रिया इतक्या का हरवत आहेत? बुद्धीत काही फरक पडला की काय?" मी म्हटलं, "ऊन लागलं असंल जी." बाई तोंडावर पदर धरून हसत होत्या.

बहुतेकींना काही तक्रार नव्हती. आईला भेटायचं, भावाच्या लेकराला मांडीवर घ्यायचं, दोन घटका बसायचं आणि मग नवऱ्यामागं जायचं. बाई म्हणायच्या, "असू दे. यांनी पाह्यलेला रस्ता उद्या दुसरीले सांगतीन." पण त्यांच्यात एखादी अशी असायची, की माहेरची माणसं आली तरी तिचं कापणं थांबायचं नाही. तिला बाई वेगळी बसवायच्या. तसल्या बाया त्या वर्षीपासून आधारगृहात यायला लागल्या. कुणी बापासोबत, कुणी भावासोबत, कुणी बाईंच्या छत्रीमागून. खाटा भरल्या. मग साहेबांनी बंद करायचं नाव काढलं नाही.

अशाच एका यात्रेत पारबता आली.

अंगानं काडी. डावा हात कोपरापाशी वाकडा, मोडून तसाच जुळलेला. आली आणि मंडपाच्या खांबाला धरून उभी राहिली. बाईंनी लाडू पुढं केला तर घेईना. एवढंच म्हणाली, "मी हरवली नाई वो बाई. मी पळून आली. आज त्याच्यासंगं गेली तं पुढची यात्रा मले नाई दिसत."

"बापाचं नाव सांग."

"देवाजी. कोसमटोला." गाव पार जंगलात, दोन नाले ओलांडून. म्हणाली, "तीन साल झाले, बाप दिसला नाई. तो येईन. मह्या बाप यात्रा चुकवत नाई."

बाईंनी पुकारा केला. "कोसमटोल्याच्या देवाजींची लेक पारबता इथी मंडपात आहे. माहेरच्या मानसांनी यावं." थोडा वेळ गेला. कोणी नाही. पुन्हा पुकारा. कोणी नाही. मी भोंग्यांची तोंडं नदीकडे वळवली, पुन्हा पुकारा. पारबता दाराकडे डोळे लावून बसली होती. दर वेळी कोणी धोतरवाला म्हातारा दिसला की अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची.

बाप येण्याआधी नवरा आला. सोबत त्याचा भाऊ. दोघं धिप्पाड. नवरा म्हणाला, "आमची बाई आहे, द्या."

गुरुजी घाबरले. "नियमानुसार आप्तांच्या स्वाधीन करणे..."

"थांबा जी गुरुजी," बाई म्हणाल्या. "नियम काय आहे? लेकरू हरवलं तं लेकरानं ओळखल्याबिगर देत नाई ना आपन? मंग हिलेही इचारू. सांग पोरी, हा कोन? नाव सांग याचं."

पारबता खाली पाहत राहिली.

"नाव नाई सांगत गुरुजी. म्हंजे ओळखत नाई. हे मानूस भलतंच आहे."

"बायको नवऱ्याचं नाव घेते का कधी!" नवरा किंचाळला.

"मले काय मालूम गा तू नवरा होय का चोर होय?"

बाहेर जमलेली गर्दी खदाखदा हसली. नवऱ्याचा चेहरा लाल झाला आणि तो तरातरा जाऊन बंदोबस्ताच्या हवालदाराला घेऊन आला. हवालदार माणूस वाईट नव्हता, पण थकलेला. त्यानं सरळ सांगितलं, "बाई, तुमाले मी ओळखतो. पण तक्रार हिनं द्याले पायजे. कोनी मारलं, हे हिच्या तोंडून आलं पायजे. बोल वो, कोनी मारलं? त्याचं नाव सांग, मी आत्ता लिहून घेतो."

पारबताचे ओठ हलले. आवाज नाही. आता बाईंचीच युक्ती बाईंवर उलटली होती. नाव घेता येत नाही म्हणून नवऱ्याला अडवलं, आणि नाव घेता येत नाही म्हणून तक्रार अडली. हवालदार उठायला लागला. नवरा मिशीत हसला. मी मशीनपाशी उभा. वाटत होतं, मीच ओरडून नाव सांगावं, पण मलाही ते कुठं माहीत होतं?

एवढ्यात गर्दीतून एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. म्हणाला, "कोसमटोल्याचं पुकारून राह्यले होते का वो?"

पारबता झटकन उठली. "काका! बा कुठी आहे?"

म्हाताऱ्यानं काठी खाली ठेवली. मग हळू म्हणाला, "अवो पोरी, देवाजी तं मागच्या पानकाळ्यातच गेला. तुह्या घरी निरोप धाडला ना आमी. तुही वाट पाहून मंग उचलला त्याले. तुले कोनी सांगितलं नाई?"

पारबता रडली नाही. ती नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुले मालूम होतं?"

त्यानं मान फिरवली. मालूम होतं.

मग पारबता माझ्या टेबलाशी आली. माइक उचलला. उजव्या हातानं, कारण डावा वर जात नव्हता. आणि साऱ्या यात्रेला ऐकू जाईल अशी बोलली: "दामोधर. बारकूचा पोरगा दामोधर. यानं मह्या हात मोडला. यानं मले उपाशी ठेवलं. यानं मह्या बाप मेला ते सांगितलं नाई. मी देवाजीची लेक पारबता. मी दामोधरच्या घरी जात नाई."

नवऱ्याचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं, तेही भोंग्यावर! काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा आला माझ्या, आज लिहितानाही येतो आहे. जिलेबीवाल्याचा झारा कढईत थांबला. नदीच्या पायऱ्यांवरच्या बायका उभ्या राहून मंडपाकडे पाहायला लागल्या. हवालदार पुन्हा खाली बसला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "लिहितो. दामोधर बारकू. आता तं साऱ्या यात्रेनं ऐकलं." दामोधर भावाला घेऊन निघायला लागला, तर त्याला वाट मिळेना. बायकाच बायका दाराशी! शेवटी हवालदारानंच त्याला बाजूला बसवून घेतलं. गुरुजी टोपी काढून डोळे पुसत होते आणि मला दरडावत होते, "मशीन बंद करू नका, अजिबात बंद करू नका!"

तेव्हा कुठं पारबता खाली बसली. बाईंनी तिच्या हातात लाडू ठेवला. ती म्हणाली, "आता मले माहेरही नाई ना वो बाई."

बाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. असं त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "मलेही नाई. जन्माची मी किसनची लेक धुरपता, तलावाकाठच्या सोनटोल्याची. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली अन् घरच्या साऱ्याइचे नावं बदलवले. मी सासरी होती, तरी निरोप धाडला, आजपासून तू यशोधरा. लय जीव होता त्याचा. मार असह्य झाला तवा मी पायी निघून आली त्याच्याकडे. येवोस्तोवर तो गेला होता. भाऊ दारातून म्हणाला, तुहं घर तिकडं आहे. त्या दिवशी मले कोनी इचारलं असतं, बाई, तू कोनाची, तं बरं वाटलं असतं. म्हणून मी साऱ्याइले इचारतो. समजलं? खा आता."

पारबतानं खाल्लं. संध्याकाळच्या एस.टी.नं दोघी गडचिरोलीला गेल्या. छत्री पुढं, बाई मागं, त्यामागं पारबता.

त्यानंतर पारबता तिथंच राहिली. खटला चालला, ती दर तारखेला उभी राहिली. अक्षरं शिकली, स्वयंपाकघर सांभाळलं, आणि दर यात्रेला बाईंसोबत मंडपात यायला लागली. बाई कुठल्या गावची, कोणाची लेक, हे बाईंच्या नकळत ती तिथं येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. गुरुजी थकले तशी माइकावर तीच बसायला लागली. तिनंही कधी फुंकर मारली नाही. म्हणजे माणसं दोन झाली. सुरुवातीला मी एकच म्हणालो ते जोशात म्हणालो, तेवढं सांभाळून घ्या.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या निवृत्त झाल्या त्यानंतरच्या यात्रेत. आता त्यांचं कामही नव्हतं आणि कुणी बोलावलंही नव्हतं. दुपारी आल्या. केस पांढरे, चाल मंद, छत्री आता टेकायला. पिशवी मात्र तीच. बाकावर टेकल्या आणि मला म्हणाल्या, "लय गर्दी गा भोंगेवाले भाऊ. मी तं हरवलीच होती."

माइकाशी पारबता होती. तिनं वळून पाहिलं. मान एकीकडे कलती केली आणि म्हणाली, "हरवली? मंग पुकारा करा लागन."

"ए पोट्टे, गंमत नको करू!"

पण पारबता बोलायलाच लागली होती. "सोनटोल्याच्या किसनजींची लेक धुरपता इथी मंडपात आहे. तिच्या माहेरच्या मानसांनी यावं. सोनटोल्याच्या किसनजींची लेक धुरपता..."

मी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. भोंगे फाटले तर फाटोत!

"बंद करा ते! भाऊ, बंद कर म्हंतो ना!" बाई उठायला पाहत होत्या. "कोन येईन? कोनी नाई माह्या, काऊन लोकांपुढं..."

तोवर पहिली दारात आली होती. शांता, कडेवर पोरगं, मागं तिची म्हातारी आई. "मी आली बाई. मी माहेरची." तिच्यामागं आरमोरीकडची एक, मग दोघी बहिणी, मग एक नर्सच्या कपड्यात, मग एक आपल्या नवऱ्यालाच हाताला धरून ओढत आणत होती. नदीकडून, दुकानांतून, पाळण्यांच्या बाजूनं बायका धावत येत होत्या, कुणाच्या हातात प्रसाद, कुणाच्या हातात चप्पल. मंडप भरला, कनात बाजूला सारली, तरी येतच होत्या. "मी माहेरची," "मीही माहेरची," असा एकच गलका.

बाईंनी छत्री उगारली. पारबताच्या हातातून माइक हिसकावला, सगळ्यांना झापायला. तोंडाशी नेला. पण शब्द काही फुटला नाही. साऱ्या यात्रेला माझ्या भोंग्यातून फक्त एक हुंदका ऐकू गेला.

पारबतानं बाईंच्याच पिशवीत हात घातला, लाडू काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. माइक चालूच होता, म्हणून तिचंही पार नदीपलीकडे ऐकू गेलं.

"आधी खा बाई. मंग रडजो."